आपल्याच देशात परके

शेतकरी गाव सोडतो तेव्हा ते एका दिवसात घडत नाही. आधी गोठ्यातील जनावर विकले जाते, मग घरातील जिन्नस जातात, मग कर्ता पुरुष काही महिने परमुलखात राबून परत येतो. आणि सर्व उपाय थकले म्हणजे एके सकाळी दाराला कडी लागते. संपन्न म्हणून जगात नावाजलेल्या अमेरिकेतही १९३० ते १९४० या दशकात लक्षावधी शेतकऱ्यांच्या दाराला अशीच कडी लागली. ती का लागली, आणि घर सोडून निघालेल्यांचे पुढे काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली विस्तीर्ण मैदाने आहेत. ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको ही राज्ये जेथे एकमेकांजवळ येतात, तो या मैदानांचा फार कोरडा भाग. पाऊस बेताचा, वारा मात्र बारमाही. तेथे शतकानुशतके आखूड, चिवट गवत वाढत असे. त्याच्या मुळांचे दाट जाळे माती घट्ट धरून ठेवी. त्या गवतावर रानगव्यांचे प्रचंड कळप चरत आणि त्या कळपांवर तेथील मूळ रहिवासी जगत. एकोणिसाव्या शतकात या रहिवाशांना हुसकून त्यांच्या जमिनी नव्या वसाहतवाल्यांना देण्यात आल्या. म्हणजे विस्थापनाची ही हकिकत मुळात एका जुन्या विस्थापनावर उभी आहे.

नव्या मालकांनी गवत नांगरून गहू पेरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातील शेते ओस पडली आणि अमेरिकन गव्हाला दर बुशेलास, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोस, दोन डॉलरांहून अधिक भाव मिळू लागला. मग कोणाला थांबवत होते? ट्रॅक्टर आले, कर्जे काढली गेली, कधी नांगर न लागलेली जमीनही उलथली गेली. पुढे १९२९ साली मोठी मंदी आली आणि दोन वर्षांत तोच भाव चाळीस सेंटांच्या खाली घसरला. बँकेचा हप्ता मात्र घसरला नाही. तो भरण्यासाठी शेतकऱ्याने अधिक जमीन पेरली. सर्वांनीच तसे केले, त्यामुळे भाव आणखी पडला. प्रत्येकाचे गणित त्याच्यापुरते बरोबर होते, पण सर्वांचे मिळून उत्तर चुकले. याच सुमारास पावसाने पाठ फिरविली आणि काही वर्षे तो नीट आलाच नाही.

गवत गेलेले, पीक उगवलेले नाही, माती भाजून पिठासारखी झालेली. वाऱ्याने ती उचलली. मे १९३४ मधील वादळाची धूळ न्यूयॉर्क व वॉशिंग्टन या दूरच्या शहरांवर उतरली आणि अटलांटिक महासागरातील जहाजांवरही पडली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी दुपारी आलेल्या काळ्या लोटाने भर दिवसा असा अंधार केला, की माणसास स्वतःचा हात दिसेना. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणूनच इतिहासात नोंदला गेला. गृहिणी खिडक्यांना ओल्या चादरी लावीत. ताटे जेवण वाढेपर्यंत पालथी ठेवीत. तरी घासाबरोबर दातांखाली माती येईच. धुळीने फुप्फुसांचे विकार होऊन लहान मुले व वृद्ध दगावले. या मुलखाला वृत्तपत्रांनी ‘धुळीचा कटोरा’ असे नाव दिले.

या धुळीनेच सगळ्यांना देशोधडीस लावले, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. गाव सोडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण धुळीच्या प्रदेशाच्या पूर्वेकडील कापूस पिकविणारे होते. त्यांच्यावर आकाश कोपले होतेच. पण त्यांना घराबाहेर काढले ते माणसांनी. ओक्लाहोमातील निम्म्याहून अधिक शेतकरी कुळे होती. ते दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा पिकाच्या वाट्याने कसत. कापसाचा भाव सावरावा म्हणून १९३३ साली सरकारने कायदा केला, की जो लागवड कमी करील त्याला भरपाई मिळेल. हेतू चांगला होता. परंतु पैसा बहुधा जमिनीच्या मालकाच्या हाती पडला. लागवडच कमी करावयाची तर कुळाची गरज काय? मालकांनी कुळांना काढले आणि हाती आलेल्या पैशांतून कित्येकांनी ट्रॅक्टर घेतले. जे रान अनेक कुटुंबे कसत होती, ते एक यंत्र नांगरू लागले. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याला जाब विचारण्यासही जागा नव्हती.

अशा एका कुटुंबाचे प्रस्थान डोळ्यांपुढे आणावे. जुनी, दहादा दुरुस्त केलेली मोटार. तिच्या टपावर गाद्या, बाजूस दोरीने आवळलेली बादली, आत शेगडी, भांडी, आजी-आजोबा व पाच-सहा मुले. काय न्यावे आणि काय टाकावे, याचा निवाडा आईने करावयाचा. नांगर कवडीमोलाने विकलेला. कुत्रे शेजाऱ्याकडे, जर शेजारी मागे उरला असेल तर. पश्चिमेकडे जाणारा हमरस्ता क्रमांक ६६ तेव्हा अशा मोटारींनी भरून वाहत होता. ओक्लाहोमापासून कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यापर्यंतचे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक. टायर फुटला की रस्त्याच्या कडेला बिऱ्हाड, पैसे संपले की वाटेतल्या शेतावर कापूस वेचणी, आणि शेवटी मोहावीचे वाळवंट. ते उन्हापासून बचावण्यासाठी बहुधा रात्री ओलांडीत. त्या दशकात मैदानी राज्यांतून सुमारे पंचवीस लाख माणसे बाहेर पडली. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक कॅलिफोर्नियात पोहोचली.

कॅलिफोर्नियात काम होते, हे खोटे नव्हते. वाटाणे, पीच, द्राक्षे, संत्री, कापूस अशी पिके एकामागून एक तयार होत आणि ती तोडण्यास हात लागत. पण तेथील शेते घरच्या माणसांनी कसावयाची नव्हती. ती हजारो एकरांची होती आणि त्यांचा हिशेब कारखान्यासारखा चाले. पूर्वी तेथे चिनी, जपानी, फिलिपिनो व मेक्सिकन मजूर राबत. मंदीच्या काळात मेक्सिकन मजुरांना मोठ्या संख्येने देशाबाहेर धाडण्यात आले, आणि त्यांच्या जागी हे गोरे शेतकरी उभे राहिले.

मजुरी कशी पडते, हे येथे नीट पाहिले पाहिजे. समजा, एका बागेत दोनशे माणसांचे काम आहे. मालकाने जाहिरातपत्रके वाटली आणि फाटकाशी पाचशे माणसे जमली. पहिल्याने दिवसाचे दोन डॉलर मागितले, तर दुसरा दीड डॉलरास तयार असतो; कारण त्याची मुले कालपासून उपाशी आहेत. तिसऱ्याची दोन दिवसांपासून उपाशी आहेत. तो एका डॉलरास तयार होतो. मालकाला घासाघीस करावी लागतच नाही. ती मजूरच आपसांत करतात. फळ पिकून गळू लागले म्हणजे दोनशे हात तातडीने हवेत, पण आठवड्याने त्यांपैकी एकही नको. मग मोटारीत पुन्हा गाद्या चढवावयाच्या आणि पुढच्या पिकाच्या मागे जावयाचे. मुलांची शाळा कोठल्या गावी मांडावी? मते कोठे द्यावी? एका जागी पुरेसा काळ न राहिल्याने सरकारी मदतीचा हक्कही लागत नसे. कालव्याच्या काठी पुठ्ठे, गोणपाट व पत्रे यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ज्या कालव्याचे पाणी शेताला, तेच पिण्याला व तेच धुण्याला.

या लोकांना स्थानिक रहिवासी ‘ओकी’ म्हणू लागले. मूळ अर्थ ओक्लाहोमाचा रहिवासी एवढाच. पण लवकरच टेक्ससचा असो की आर्कान्सासचा, फाटक्या कपड्यांतील प्रत्येक उपऱ्यासाठी ती शिवी झाली. भाषा तीच, धर्म तोच, देश तोच. उणीव होती ती फक्त पैशाची. काही चित्रपटगृहांत त्यांना वेगळे बसवीत. १९३६ च्या प्रारंभी लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने शंभरावर शिपाई राज्याच्या सीमेवर पाठविले आणि खिशात पैसा नसलेल्यांना परत फिरविण्यास सुरुवात केली. एका शहराचे पोलीस राज्याच्या सीमा राखीत उभे आहेत आणि आपल्याच नागरिकांना देशाच्या एका भागात शिरू देत नाहीत, असे ते विलक्षण दृश्य होते. ही नाकेबंदी काही आठवड्यांनी मागे घ्यावी लागली.

त्याच वर्षी मार्च महिन्यात डोरोथिया लँग या छायाचित्रकार स्त्रीने निपोमो येथील वाटाणे तोडणाऱ्यांच्या तळावर एका मातेचे छायाचित्र घेतले. वाटाण्याचे पीक हिमाने गेले होते, त्यामुळे तोडणी नाही आणि मजुरीही नाही. दोन मुले आईच्या खांद्यांआड तोंड लपवून उभी आहेत, तान्हे मांडीवर आहे, आणि आई कोठेतरी दूर पाहत आहे. हे छायाचित्र वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले तेव्हा सरकारने त्या तळावर अन्न पाठविले. ते पोहोचले तोवर मात्र ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. जॉन स्टाइनबेक या लेखकाने हे तळ स्वतः हिंडून पाहिले, प्रथम वृत्तपत्रांत लेख लिहिले, आणि १९३९ साली ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. ती देशभर वाचली गेली. आणि जेथील वर्णन तिच्यात होते, त्या कर्न जिल्ह्यात सार्वजनिक ग्रंथालयांतून तिला बंदी झाली.

राज्यात निर्धनास आणणे हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गुन्हा होता. एका गृहस्थाने टेक्ससहून आपल्या बेकार मेव्हण्यास मोटारीत बसवून आणले, म्हणून त्याच्यावर खटला भरण्यात आला आणि त्याला शिक्षाही सुनावण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने एकमुखाने तो कायदा रद्द ठरविला. दारिद्र्य हा काही राज्याच्या वेशीवर माणसास अडविण्याचा आधार होऊ शकत नाही. निकाल योग्य होता, पण तो फार उशिरा आला. त्यानंतर दोनच आठवड्यांत अमेरिका महायुद्धात उतरली आणि ज्यांना कालपर्यंत कोणी दारात उभे करीत नव्हते, त्यांना जहाजांच्या गोद्या व विमानांचे कारखाने हाका मारू लागले. इकडे मैदानांवरही पाऊस परतला होता. मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट यांच्या खटपटीने १९३५ सालीच मृदासंधारणाचा कायदा झाला होता. उताराला आडवी नांगरट सुरू झाली आणि वाऱ्याला आडोसा म्हणून कोट्यवधी झाडे लावण्यात आली.

त्या काळातील एक लहानशी गोष्ट मात्र न्यायालयाच्या निकालाइतकीच लक्षात राहते. आर्विन गावाजवळ सरकारने मजुरांसाठी एक तळ उभारला होता. तेथे नळाचे पाणी व स्वच्छतागृहे होती, आणि कारभार रहिवाशांनी निवडलेली समिती पाही. परंतु तळातील मुले गावच्या शाळेत गेली की त्यांचे अनवाणी पाय आणि बोलण्याची ढब यांची टिंगल होई. काहींना तर मागे जमिनीवर बसवीत. ही मुले गावाला नको होती. तेव्हा जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी लिओ हार्ट यांनी तळाला लागूनच जमीन भाड्याने घेतली आणि १९४० साली तेथे शाळा सुरू केली. प्रारंभी इमारत अशी नव्हतीच. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून ती बांधली. मुलांनी विटा पाडल्या, भाजीपाला लावला, गाई-डुकरे पाळली, आणि पोहण्यासाठी स्वतःच्या हातांनी एक तलाव खणला. हार्टांनी कोठून तरी एक जुने विमानही आणले. यंत्रविद्या शिकण्यासाठी ते मैदानात उभे असे, आणि गणितात उत्तम गुण मिळविणाऱ्यास ते जमिनीवरून चालविण्याची मुभा मिळे. काही काळाने, ज्यांनी या मुलांना आपल्या शाळेत नको म्हटले होते, त्या परिसरातील पालक आपली मुले या शाळेत घेता का, अशी विचारणा करू लागले.