अंगणवाडीच्या वहीतली पन्नास वर्षं

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत मेळघाटातली धारणी आणि मुंबईतली धारावी होती. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवर ती नंतर पोचली. 2025 मध्ये योजनेची पन्नाशी झाली तेव्हा केंद्रं किती, लाभार्थी किती याचे आकडे पुष्कळ निघाले. मला वेगळंच पाहावंसं वाटतं. एवढ्या वर्षांत अंगणवाडी सेविकेने मुलाबद्दल लिहून काय ठेवलं? थोडक्यात उत्तर द्यायचं तर वजन. मूल कशात रमतं, कसं बोलतं हे ती रोज पाहत आली. पण ते लिहायला तिला फारसं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा रकाना भरायला सांगितलं.

खरं तर याच जिल्ह्यात वेगळी रीत आधीपासून होती. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी हजेरीपटात शोधलं नाही. मुलं गुरांमागे असतात, मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं, हे बघितलं. मग शाळाच कुरणात नेली, धाकट्यांसाठी पाळणाघर जोडून दिलं, आणि खडे-पानं-बिया हीच साधनं मानली. माँटेसरीबाईंकडून घ्यायची मुख्य गोष्ट ठोकळे नव्हेत, मुलाकडे आधी नीट बघणं ही आहे, हे या दोघींना कळलं होतं.

योजना आली ती मात्र काटा घेऊन. त्यात गैर काही नव्हतं. 1992-93 मध्ये जव्हारकडच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा तो भागही ठाणे जिल्ह्यातच होता. उपाशी मुलाचं वजन आधी, बाकीचं मागून, हे कुणीही म्हणेल. टांगत्या काट्याच्या झोळीत मूल घालायचं. ते हातपाय झाडतं, सुई थरथरते, ती थांबेपर्यंत मदतनिसाने झोळीला हात लावायचा नाही. मग पत्रकावर वयाच्या रेषेवर ठिपका. जुन्या पद्धतीत अपेक्षित वजनाच्या 80 टक्क्यांखाली पहिली श्रेणी सुरू व्हायची, आणि वजन 50 टक्के किंवा त्याहून कमी असलं की मूल चौथ्या श्रेणीत जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये नवी मानकं दिली. ती दिल्लीतल्या मुलांसह सहा देशांतल्या मुलांवरून ठरवलेली होती, मुलामुलींची वेगळी होती. हळूहळू श्रेण्या गेल्या, उंची मोजणं आलं, ‘सॅम’ (तीव्र कुपोषण) आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषण) हे शब्द पाड्यापर्यंत पोचले.

ही मानकं ज्यातून आली, त्याच अभ्यासाने आणखी एक काम केलं होतं. आधाराशिवाय बसणं, रांगणं, धरून उभं राहणं, धरून चालणं, एकटं उभं राहणं, एकटं चालणं अशा सहा टप्प्यांची वयंही काढून दिली होती. पण काट्याला जो मान मिळाला तो या सहांना कधीच मिळाला नाही. विकासाचे टप्पे माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रांत आहेत, पण आढावा बैठकीत किती मुलं आधाराशिवाय बसायला लागली, हे विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पत्रकावरची रेघ तुटतेही. दिवाळी झाली की कातकरी आणि ठाकूर कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दहा महिन्यांचं कडेवर गेलेलं मूल दीड वर्षाचं होऊन स्वतःच्या पायांनी अंगणवाडीत येतं. ते कधी उभं राहिलं, पहिला शब्द कुठला बोललं, हे आईला आठवतं. वहीत तेवढे महिने कोरे. राज्याने 2022 मध्ये स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय यंत्रणा आणली खरी, पण तिचा भर लस आणि आहार चुकू नये यावर. तेही हवंच.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या नोंदी म्हणजे तर गंमतच. ‘भाषाविकास चांगला, स्नायूविकास चांगला’ असं पहिल्या मुलापुढे लिहायचं आणि खाली अख्ख्या पटाला ‘वरीलप्रमाणे’. सेविकेची नजर कमी पडते म्हणून हे होतं असं मुळीच नाही. मुरबाडकडच्या एका वाडीत चार वर्षांचा एक मुलगा तोंडच उघडत नव्हता. आई म्हणायची, “बाई, घरात लय बोलतो, हितंच गप ऱ्हातो.” सेविकेच्या लक्षात आलं की तो चिंचोके वेचून लहान-मोठे वेगळे करतो, मग प्रत्येक मोठ्यासमोर एक लहान मांडतो आणि एखादा उरला की शोधत बसतो. एकास एक जोडी लावणं म्हणजे अंक शिकण्याच्या आधीची पायरी, आणि ती हा पोरगा एकटाच चढत होता. तिने हे मला हौसेने सांगितलं. वहीत त्या दिवसाचं टिपण होतं, ‘गाणी, गोष्ट, खिचडी’.

मग नोंदींसाठी फोन आले. 2018 मध्ये पोषण अभियान, 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप. इंग्रजी ॲप आणि जुनाट मोबाईल यांना कंटाळून त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन परत केले. जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवणंही आलं. आता रेंज शोधत फोन उंच धरलेली सेविका दिसली, की तेवढा वेळ ती मुलांकडे बघत नसते हे उघड आहे.

दुसरी बाजूही आहे. 2024 मध्ये केंद्राचा ‘आधारशिला’ अभ्यासक्रम आला आणि त्यात परीक्षेऐवजी निरीक्षणावरून मुलाची प्रगती ओळखावी, असं स्वच्छ म्हटलं आहे. शहापूरला लागूनच असलेल्या वाडा तालुक्यात सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘पालवी’ नावाने अंगणवाड्यांत काम करत आली आहे. म्हणजे वाट दाखवणारे लांब नाहीत.

अडचण वही तपासण्याच्या वेळी येते. एका मुख्यसेविकेकडे वीसेक अंगणवाड्या. ती आकडे तपासणार की टिपणं वाचणार? माझ्या मते नवं रजिस्टर नकोच, आहेत तीच पुष्कळ झाली. प्रत्येक सेविकेने महिन्याला दोनच मुलं निवडावीत, काय पाहिलं ते तिच्या बोलीत दोन-तीन ओळींत तारीख टाकून लिहावं, मुलाने काढलेलं चित्र त्याला जोडावं, आणि मासिक बैठकीत सॅम-मॅमचा हिशेब होण्याआधी त्यातली चार टिपणं मोठ्याने वाचावीत. त्याला पंधरा मिनिटं पुरतात.