रक्तदाबाचा आकडा सारखा, कारणे निराळी

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, आदिलाबाद जिल्ह्यातील बेला किंवा जैनथ मंडलात दोन शेतकऱ्यांचा रक्तदाब १६०/१०० असा सारखाच भरला, तरी त्यांचा आजार सारखा असेलच असे नाही. एकाच्या शरीरात मीठ व पाणी साठून राहते, दुसऱ्याच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, तर एखाद्याच्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक गरजेपेक्षा अधिक स्रवत असते. यंत्रावरील आकडा परिणाम दाखवितो, कारण नव्हे. त्या कारणाचा माग काढण्यासाठी रक्त वा लघवीतील अनेक सूक्ष्म घटकांचे प्रमाण एकाच वेळी तपासले जाते. यालाच मेटाबॉलिक प्रोफाइलिंग, म्हणजे चयापचयाचे आलेखन, म्हणतात.

२००८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात चीन, जपान, ब्रिटन व अमेरिका येथील ४,६३० व्यक्तींच्या लघवीचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिप्युरेट व फॉर्मेट अधिक असणाऱ्यांत रक्तदाब कमी, तर अलानिन अधिक असणाऱ्यांत तो जास्त आढळला. हिप्युरेट हे आतड्यांतील जिवाणूंच्या कार्याशी निगडित आहे, हे विशेष. अर्थात हा सहसंबंध होय. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय त्या देशांत भारत नव्हता. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या गोंड, कोलाम वा मराठी कुटुंबांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

उपचाराची दिशा बदलणारी एक तपासणी मात्र आजही उपलब्ध आहे. तीन औषधे नियमित घेऊनही दाब उतरत नसेल, किंवा रक्तातील पोटॅशियम कमी असेल, तर अल्डोस्टेरॉन व रेनिन यांचे गुणोत्तर पाहतात. दोष तेथे आढळल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध गुणकारी ठरते. एकाच ग्रंथीत गाठ असल्यास शस्त्रक्रियेने आजार बराही होऊ शकतो. हे निदान हुकले, तर रुग्ण वर्षानुवर्षे गोळ्या वाढवीत राहतो आणि हृदय व मूत्रपिंड झिजत जातात.

आदिलाबाद शहरातील राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात जाताना खेड्यातील रुग्णाने आधीच्या मोजण्यांची नोंद आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. काही गोळ्यांमुळे या तपासणीचा निकाल बदलतो; त्यांपैकी कोणती थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, रुग्णाने परस्पर नव्हे.