पाचगावची गोळी

वैनगंगेकाठचा बालाघाटचा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडे. त्या घराण्यातली यादवी आठवली की आजही मन विषण्ण होते. पहिले रघूजी १७५५ साली वारले. मागे जानोजी, साबाजी, मुधोजी व बिंबाजी हे चार पुत्र. जानोजींना संतान नव्हते, म्हणून मुधोजींचा मुलगा रघूजी दत्तक घ्यावयाचे ठरले. १७७२ साली जानोजी गेले आणि तंटा पेटला. खुद्द जानोजींच्या पत्नी दर्याबाई साबाजींच्या बाजूस उभ्या राहिल्या!

२६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगावी दोघे भाऊ समोरासमोर आले. मुधोजींची फौज मोडली. जय झालाच, असे समजून साबाजींनी आपला हत्ती थेट भावाच्या हत्तीला नेऊन भिडविला व शरण येण्यास सांगितले. मुधोजींनी गोळी झाडली. साबाजी ठार झाले आणि हरलेली लढाई मुधोजींची झाली.

परक्या शत्रूच्या इतके जवळ कोणता सेनापती जाईल? मला तरी वाटते, साबाजींना शेवटच्या क्षणी समोर भाऊच दिसत होता. मुधोजींनी पुढे मुलाच्या नावाने १७८८ पर्यंत, म्हणजे मरेतो, कारभार पाहिला. बिंबाजी तिकडे छत्तीसगडात, रतनपुरास होते.