खालून सुटणारा चेंडू
फिरकीची उकल : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण सुभाष गुप्ते यांच्या दोन गुगलींपाशी थांबलो. गुप्ते यांचे मनगट विलक्षण, पण धाव, उडी, खांदा, हाताचा फेर हे सगळे शिकवणीच्या पुस्तकात छापावे इतके नेटके. ३६ कसोटींत १४९ बळी त्यांनी मिळवले ते त्या नेटक्या हातातून. आता वळूया ते अशा गोलंदाजांकडे, ज्यांचा हातच पुस्तकात बसत नाही. त्यांतला एक अगदी आपल्या शेजारचा आहे : पुण्याचा केदार जाधव.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून लोणावळ्याकडे जाताना मावळ तालुक्यातले गहुंजे लागते. तिथल्या मैदानाचे आणि केदारचे नाव जोडले गेले ते १५ जानेवारी २०१७ या दिवशी. इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ६३ होती. तिथून केदारने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या, विराट कोहलीबरोबर २०० धावांची भागीदारी केली आणि सामना जिंकून दिला. पुणेकर ती खेळी विसरणार नाहीत, विसरूही नये. पण माझ्या मते क्रिकेटच्या अभ्यासकाने केदारची गोलंदाजी त्याहून बारकाईने पाहायला हवी. तशी फलंदाजी करणारे आणखी काही सापडतील. तशी गोलंदाजी मात्र त्या काळात कोणी करत नव्हते.

केदार मुळात फलंदाज. २०१३-१४ च्या रणजी हंगामात १,२२३ धावा काढून त्याने महाराष्ट्राला अंतिम फेरीपर्यंत नेले. प्रसंगी यष्टिरक्षणही केले. गोलंदाज म्हणून त्याची दखल कोणी घेतली नव्हती. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध धरमशाला येथे महेंद्रसिंह धोनीने चेंडू त्याच्या हाती दिला. सलग दोन चेंडूंवर जेम्स नीशम आणि मिचेल सँटनर बाद झाले. यातला सँटनर लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

केदार नेमके काय करायचा? चार-पाच पावले चालल्यासारखा येई, यष्टीजवळ थबके, गुडघ्यांत वाके आणि हात डोक्यावरून न नेता बाजूने, जवळपास आडवा फिरवी. चेंडू सुटे तो पंचाच्या छातीच्या, कधी पोटाच्या उंचीवरून. बोटांची पकड ऑफस्पिनरचीच. बदलला होता फक्त हाताचा कोन, आणि तेवढ्याने पुढचे सगळे बदलत गेले.

सरळ हाताने टाकलेली फिरकी साधारण दोन मीटर उंचीवरून सुटते, वर जाते, मग खाली उतरते. चेंडूवर पुढे लोळणारा पीळ असेल तर तो अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो आणि टप्प्यानंतर उसळतो. हात आडवा झाला की पिळाचा अक्षही कलतो. मग चेंडू पुढे लोळत नाही, तर भोवऱ्यासारखा उभ्या अक्षाभोवती फिरू लागतो. भोवरा जमिनीला टेकतो त्या टोकाशी पिळाचा जोर जवळजवळ नसतोच. तसाच हा चेंडू : हवेत बाजूला सरकतो, पण जमिनीला लागल्यावर फारसा वळत नाही. उसळत नाही. घसरत, खाली राहत पुढे येतो. कधी अक्ष थोडा तिरका राहिला तर वळतोही. कोणता घसरेल आणि कोणता वळेल हे हातावरून कळणे कठीण.

दुसरी गोष्ट नजरेची. फलंदाजाची नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने गोलंदाजाच्या डोक्याच्या वर, साइटस्क्रीनच्या मोकळ्या पार्श्वभूमीवर चेंडू शोधते. केदारचा चेंडू तिथून येतच नसे. तो पंचाच्या अंगावरून, कपड्यांच्या पार्श्वभूमीतून निघे. निघाल्यानंतरचा पहिला क्षण हुकला, की फलंदाज टप्प्याचा अंदाज उशिरा बांधतो. त्यातून तो मारायला गेलाच तर चेंडू बॅटच्या खालच्या टोकाला लागतो, कारण उसळी नाही. १९ सप्टेंबर २०१८ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानच्या मधल्या फळीचे हेच झाले. केदारने २३ धावांत ३ बळी घेतले. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बांगलादेशची १२० धावांची सलामी फोडली तीही त्यानेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अशी गोलंदाजी पाहिली की शेजारचा कोणीतरी 'फेकतो' म्हणतोच. नियम मात्र हाताच्या उंचीबद्दल काही म्हणत नाही. तो पाहतो कोपर. चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, एवढीच आंतरराष्ट्रीय मर्यादा. खांद्याच्या खालून फिरणारा हात पूर्ण कायदेशीर आहे. फक्त अंडरआर्म टाकता येत नाही. इतिहास तर याच्या उलटा आहे. १८२२ मध्ये लॉर्ड्सवर जॉन विल्स यांना हात बाजूने फिरवला म्हणून नोबॉल दिला गेला, कारण तेव्हा हात खालीच राहावा असा दंडक होता. आडव्या हाताला मान्यता मिळाली १८३५ मध्ये आणि डोक्यावरून टाकायला १८६४ मध्ये. म्हणजे केदारचा हात हा आजच्या सरळ हाताच्या आधीचा आहे.

आता गहुंज्याच्याच खेळपट्टीवर घडलेल्या दोन कसोटी पाहू. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे एकूण ७० धावांत १२ बळी घेतले. पहिल्या डावात भारताचे शेवटचे सात गडी ११ धावांत गेले. ओकीफची शैली अगदी साधी, डावखुरी, सरळ हाताची. पण त्या कोरड्या खेळपट्टीवर, जिला पुढे आयसीसीने निकृष्ट ठरवले, एक चेंडू हातभर वळे आणि दुसरा त्याच हातातून सरळ जाई. फलंदाज वळण गृहीत धरून खेळले आणि सरळ चेंडूंवर गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच प्रकार सँटनरने केला, धरमशालेत केदारला बळी पडलेला तोच सँटनर. त्याने ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६ बळी घेतले. त्याआधी कसोटीच्या एका डावात त्याला पाच बळीही कधी मिळाले नव्हते. त्याचे हत्यार होते वेगाचा बदल. कोहलीला त्याने त्रिफळाचीत केले ते फुलटॉसवर. भारत ११३ धावांनी हरला आणि मायदेशी बारा वर्षे न हरलेली मालिका त्या मैदानावर गेली.

हे दोघे आणि केदार एका लेखात का? कारण चक्रावून टाकणारी गोलंदाजी म्हणजे पोतडीतले सात-आठ चेंडू, ही समजूत मला पटत नाही. फलंदाजाने मनाशी धरलेला अंदाज आणि प्रत्यक्ष चेंडू यांत अंतर पाडणे, एवढेच ते काम आहे. ओकीफने ते खेळपट्टीच्या मदतीने केले, सँटनरने वेगाने, केदारने हाताच्या कोनाने.

बोटांनी ते करणाऱ्यांची परंपरा वेगळी आणि मोठी रंजक. ऑस्ट्रेलियाचे जॅक आयव्हर्सन मधले बोट दुमडून चेंडू त्या बोटावर आणि अंगठ्यात धरत. १९५०-५१ च्या एकाच मालिकेत इंग्लंडचे २१ बळी घेऊन ते कसोटीतून गेले. त्याच जातीची पकड घेऊन श्रीलंकेचा अजंता मेंडिस आला. जुलै २००८ मध्ये कराचीत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने भारताचे १३ धावांत ६ बळी घेतले. त्यानंतरच्या तीन कसोटींत २६. अंगठा आणि मधल्या बोटाने टिचकी मारून सोडलेला तो कॅरम बॉल. दिसतो ऑफस्पिनसारखा, जातो लेगस्पिनसारखा. पण पडद्यावर संथ गतीने पुन:पुन्हा पाहून फलंदाजांनी त्याला ओळखले आणि मेंडिसची कसोटी कारकीर्द ७० बळींवर संपली. तीच टिचकी रविचंद्रन अश्विन चेन्नईच्या गल्लीत टेनिस चेंडूवर शिकला आणि त्याने ५३७ बळी घेतले. फरक माझ्या मते एवढाच : अश्विनकडे आधी एक उत्तम साधा ऑफब्रेक होता. नवल त्याच्या जोडीला होते, त्याच्या जागी नव्हते.

ऑक्टोबर २०२३ च्या विश्वचषकात गहुंज्यात अफगाणिस्तान आणि श्रीलंका खेळले तेव्हा रशीद खान, मुजीब उर रहमान आणि महीश तीक्षणा असे तीन चमत्कारिक फिरकीपटू एका दिवशी मावळच्या मातीवर उतरले. ज्यांनी तो सामना पाहिला असेल त्यांनी रशीदचा हात आठवून पाहावा : लेगब्रेक आणि गुगली यांच्यात मनगटाचा फरक जवळपास दिसतच नाही, कारण हात फार वेगाने फिरतो.

आणि भागवत चंद्रशेखर यांना वगळून हा विषय पुढे जाऊच शकत नाही. लहानपणी पोलिओने उजवा हात बारीक झालेला. क्षेत्ररक्षणात ते चेंडू डाव्या हाताने फेकत आणि गोलंदाजी त्या दुबळ्या उजव्या हातानेच करत. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर अजित वाडेकर यांच्या संघासाठी त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी मालिका जिंकली. त्या हाताला 'नीट' करायला कोणी गेले असते तर आपण काय गमावले असते, याचा विचार प्रत्येक प्रशिक्षकाने करावा.

मावळात कार्तिकात भात निघाले, की धसकटे काढून, खाचर सपाट करून पोरे टेनिस चेंडूवर सामने लावतात. त्या जमिनीवर चेंडू मुळातच खाली राहतो, म्हणून हात आडवा करून टाकणारा एखादा पोरगा तिथे निघतोच. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळ्यातल्या प्रशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. असा मुलगा किंवा मुलगी तुमच्याकडे आली तर पहिल्याच दिवशी हात वर करायला सांगू नका. कोपर नियमात आहे ना, खांदा-पाठ दुखत नाही ना, आणि सहापैकी चार चेंडू हव्या त्या टप्प्यावर पडतात का, एवढे तपासा. हे तिन्ही जमत असेल तर हाताला हात लावू नका. पुढच्या भागात डावखुऱ्या मनगटी फिरकीकडे, म्हणजे कुलदीप यादवकडे वळू.