क्लोक रूमबद्दलचे गैरसमज

नागपूरकडून विदर्भ एक्सप्रेसने निघालेली माणसे सकाळी मुंबईला सीएसएमटीवर उतरतात, दिवसभरात मंत्रालयातले काम उरकतात आणि संध्याकाळी त्याच नावाच्या गाडीने परततात. मधला सगळा वेळ कित्येकजण बॅगा वागवत हिंडतात. स्टेशनातच थोड्या पैशांत सामान ठेवायची सोय असते. पण तिच्याविषयी ऐकीव गोष्टीच जास्त पसरल्या आहेत आणि त्यापायी हकनाक त्रास होतो.

‘पुढच्या गाडीचे आरक्षण असेल तरच सामान घेतात,’ ही त्यातलीच एक. प्रवासाचे वैध तिकीट लागते हे खरे. पण ज्या गाडीने आलात तिचे तिकीटही चालते. म्हणून उतरल्यावर ते फेकू नका. ओळखपत्रही जवळ असू द्या.

खरी अडचण येते ती कुलपाची. चेन लावली, दोरीने घट्ट बांधले म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. कुलूप नसलेले सामान क्लोक रूममध्ये घेत नाहीत. कापडी पिशवी, तोंड शिवलेले पोते, खोका यांना तिथे नकारच मिळतो. घरून निघतानाच प्रत्येक बॅगेला लहानसे कुलूप लावा. मोठ्या स्थानकांवर सामान आधी एक्स-रे यंत्रातून तपासून घ्यावे लागते, तेव्हा हाताशी थोडा वेळ ठेवा.

कुलूप लावले म्हणून आत काहीही ठेवावे असे मात्र नाही. नाशवंत खाद्यपदार्थ तिथे ठेवता येत नाहीत. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रे, रुग्णाचे रिपोर्ट आणि औषधे आपल्याजवळच हवीत. बॅगेत काय आहे हे खिडकीवर कुणी लिहून घेत नाही; मग आतली मौल्यवान वस्तू गेली तर ती होती हे सिद्ध कशाने करणार?

‘त्यापेक्षा प्रतीक्षालयात ठेवू, तिथेही रेल्वेचीच माणसे असतात,’ हा समज सर्वांत महागात पडतो. प्रतीक्षालय बसण्यासाठी आहे. तिथे सोडून दिलेल्या बॅगेची जबाबदारी कुणी घेत नाही, उलट बेवारस सामान म्हणून सुरक्षा दल ते ताब्यात घेऊ शकते. डब्यातही तसेच. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० नुसार प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेले सामान हरवले, तर रेल्वे कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्याशिवाय रेल्वे जबाबदार ठरत नाही. क्लोक रूममध्ये निदान सामान दिल्याची पावती तरी हातात असते.

ती पावती हरवली तर सामान बुडाले, असे समजून माणसे रडकुंडीला येतात. सामान बुडत नाही. ओळख पटवून, सामान आपलेच असल्याची खात्री देऊन आणि हमीपत्र लिहून ते सोडवता येते. वेळ मात्र जातो, आणि गाडी सुटायला अर्धा तास उरला असेल तर तोच वेळ नसतो. पावती मिळताक्षणी मोबाइलवर तिचा फोटो काढा.

पैशांचा हिशेब तारखेवर नसून २४ तासांवर असतो. सकाळी दहाला ठेवलेली बॅग दुसऱ्या दिवशी अकराला नेली, तर दुसऱ्या २४ तासांचेही पैसे पडतात. दर सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून खिडकीवरचा फलक वाचा. सीएसएमटी, दादर आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवर आता डिजिटल लॉकरही आहेत. त्यांचे दर वेगळे.

प्रत्येक लहान स्थानकावर ही सोय नसते आणि सगळीकडे ती रात्रभर उघडीही नसते. रात्रीची गाडी असेल तर सामान देतानाच खिडकी किती वाजता बंद होते ते विचारा. सोबत म्हातारी माणसे असतील किंवा कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचे असेल, तर या थोड्या पैशांचा विचार करू नका. सामान ठेवा आणि त्यांचा हात धरायला तुमचे हात मोकळे ठेवा.