इंजिन चालते, बोट चालत नाही : दोषनिदानाचा क्रम

ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेच्या पुरामुळे निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्ग बंद झाला होता. अशा प्रसंगी बचावकार्याची भिस्त बोटीमागे बसविलेल्या आऊटबोर्ड इंजिनावर असते. इंजिन वेगाने फिरते, परंतु बोट सरकत नाही, हा त्यातील धोकादायक बिघाड होय. तथापि बेळगावच्या उद्यमबागेत गिअर व शाफ्टचे काम शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचे निदान अवघड नाही.

शक्तीचा मार्ग असा : इंजिन, उभा शाफ्ट, पिनियन, पुढचा व मागचा गिअर, त्यांपैकी एकात अडकणारा डॉग क्लच, आडवा शाफ्ट आणि शेवटी पंखा. तपासणी मात्र पंख्याकडून सुरू करावी, कारण तेथे पेटी उघडावी लागत नाही.

प्रथम इंजिन बंद करून स्पार्क प्लगच्या वायरी काढाव्यात. लहान इंजिनात पंख्याची शिअर पिन तुटलेली आढळते. पंख्यात रबरी बुश असल्यास आतील हब व पंखा यांवर एकच सरळ रेघ ओढावी. बोट चालवून पाहिल्यावर रेघेची दोन टोके सरकलेली दिसली, तर बुश घसरतो आहे. जोर देताच खटखट होऊन गिअर सुटत असेल, तर गिअरची जोडणी तपासावी. ती ठीक असल्यास डॉग क्लच झिजल्याचा संशय घ्यावा. अखेरीस गिअरचे तेल पाहावे. ते दुधाळ असल्यास सीलमधून पाणी शिरले आहे. धातूचे तुकडे आढळल्यास दात खराब झाले आहेत.

भाग बदलण्यापूर्वी कारण सिद्ध करावे, हाच या पाठाचा गाभा होय.