सिमेंटचे पाय, लाकडाची बैठक : सुतार-गवंड्यांचा जोडधंदा

केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात सुतारही आहे आणि गवंडीही. दोघांनी मिळून करावा असा एक धंदा म्हणजे सिमेंट व लाकडाची बाकडी.

आम्हा कापडवाल्यांचा माल भिवंडी, मालेगाव, सुरतेहून येतो. ट्रकभाडे नगावर वाटले की पैशांत जाते. त्यामुळे गावच्या विणकराला त्या मालाशी टक्कर देणे जड जाते. सिमेंटच्या मालाचे उलट आहे. एक घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे 68 किलो. लांबून आणले तर भाडे चढते आणि फूटतूटही होते. म्हणजे हे वजनच गावच्या कारागिराचे संरक्षण आहे.

ही कल्पना जुनी आहे. 1867 साली जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने तारेची जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले होते.

चार फुटी बाकड्याचा एक पाय 16 इंच उंच, 15 इंच रुंद व 3 इंच जाड धरा. असे दोन पाय सुमारे 56 किलोचे होतात. त्यांना दहा किलोच्या आत सिमेंट लागते. सिमेंट, वाळू व बारीक खडी यांचे प्रमाण 1 : दीड : 3 ठेवावे. 50 किलोच्या गोणीला 25 लिटरपेक्षा जास्त पाणी नको. पातळ माल साच्यात सहज बसतो, पण पुढे कमजोर निघतो. लोखंडी गज मधोमध ठेवावा. साचा काढल्यावर ओले गोणपाट टाकून किमान दहा दिवस पाणी मारावे. पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात.

खरे हुनर जोडात आहे. कोरे कापड पाण्यात आटते, हे आपण जाणतो. लाकूड उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते, तेही लांबीत नव्हे तर रुंदीत. सिमेंट तेवढे हलत नाही. म्हणून फळी सिमेंटमध्ये कधीही गाडू नये. एक तर फळी तडकते, नाहीतर पाय. पायात बोल्ट बसवावेत, फळीचे भोक रुंदीच्या बाजूला थोडे लांबट ठेवावे व मध्ये रबरी वॉशर घालावा. एका रुंद फळीऐवजी तीन पट्ट्या, दोन-दोन सूत फट ठेवून लावाव्यात. बाभूळ, कडुनिंब चालेल, पण वाळलेले हवे. साधे लोखंड ओल्या बाभळीवर काळे डाग पाडते. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत.

घरात उचलून ठेवायला प्लॅस्टिकची खुर्चीच बरी. आपले गिऱ्हाईक म्हणजे शाळा, दवाखाना, चहाचे हॉटेल, मदरशाचे अंगण. वुजूखान्यात मात्र लाकूड नको, तेथे नुसते सिमेंट द्यावे.

हिशेबात एक गोष्ट विसरू नये. माल तयार व्हायला महिना लागतो, तेवढे दिवस भांडवल अडकते. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि सुतार-गवंड्यांनी आपापला वाटा आधीच लिहून ठेवावा. घाईच्या गिऱ्हाइकाला कच्चा माल देऊ नये. एक पाय तुटला तर दहा ऑर्डरी तुटतात.